डाव्या बॉक्सपाशी

प्रिय प्राजक्ता,

तुहा राखड बँडचा पॅच या पाकिटात हाय. पॅच मंग पाह्य, पयले हे वाच. शनिवारच्या आत पोचलं पाह्यजे असं पार्सलवाल्याले चिठ्ठीवर लिहून देलं, तोंडानं सांगनं काही जमलं नाही. रविवारी दुपारी तू अकोला स्टेशनवर तिले भेटाले जानार हाय अन् तिच्यासंगं गाडीत बसनार हाय. बसू नको. तिले तू पौर्णिमा म्हनते, पन ती मी नाही. हे मी तुले मेसेजवर तीन खेपा लिहलं. तिन्ही खेपा तू हासनारे तोंडं पाठोले अन् म्हने का आता कायले लाजतं वं, शोमंदी तर नाही लाजली. फोन करून सांगाव तर तुले माहीत हाय, दोन वर्षांत मी तुहा एक फोन उचलला नाही. उचलला असता तरी तुले नुसता माहा श्वास आयकू आला असता. म्हनून कागदावर लिहून राहिली. हे अक्षर माहं हाय. पॅचच्या पाकिटावर तुहा पत्ता मीच लिहत आली, तुले वळखू येईन.

मी नववीत शाळा सोडली एवढं तुले माहीत हाय. काहून सोडली ते सांगतलं नव्हतं. अभ्यास जमत नव्हता असं नाही, हजेरी जमत नव्हती. मॅडम नंबर घेत, एकतीस, बत्तीस, अन् चौतीस नंबर माहा. बाजूची पोट्टी कोपर मारे, बोल ना वं. आवाज निघेच ना. मॅडम वर न पाहता खाडा टाकत. मंग आईले शाळेत बोलावलं का तुमची पोरगी महिन्यातून वीस दिवस येत नाही. आई तठी लय भांडली, म्हने मी सोता दारापर्यंत सोडून देते हिले, तुमाले बाकावर बसलेलं मानूस दिसत नाही का. त्या दिवसापासून मी गेलीच नाही. आता महेजबीन आपाच्या शिलाई मशीनवर बसते. आपा शाळेच्या खिशावरचे मोनोग्राम भराचं काम घेते, ते मी करते. आपा दोघींचं एकटीच बोलून घेते, म्हने तुहा बोलाचा कोटा मले देऊन टाक, वाया काहून घालवतं. उरलेल्या दोऱ्याचे मी पॅच करते. तेच कुठं तरी पाहून शिवमनं मले बँडच्या शोले जानाऱ्याईच्या ग्रुपमंदी घेतलं.

तुले ग्रुपचं नवल नाही, तू शो पाह्यलेली हाय. माह्यासाठी तो ग्रुपच शो होता. शो झाला का शिवम लिहे, हजेरी लावा रे. कोन कुठं उभं होतं, बाजूले कोन होतं, कोन्त्या गान्यावर काय झालं, सारं लिहा लागे. उसामानं एकदा लिहलं होतं का मधात गोल पडला, पोट्टे एकमेकाईवर आदळाले लागले, त्याची एक चप्पल गेली, अन् घरी आला तवा पायात दोन चपला होत्या, एक सोताची अन् एक कोनाची तरी लेडीज. शिवम लिहे का ड्रमचा डबल बास सुरू झाला का दाढेत भरलेलं सिमेंट हालते. तू लिहलं होतं का स्पीकरच्या बॉक्ससमोर पान्याची बाटली धरली तर आतलं पानी उभ्याउभ्या नाचते. मी हे मशीनवर बसून वाचो अन् माह्या हातावर काटा येये. ती हजेरी लिहाले काही तोंड लागत नाही ना. मले वाटे, एक दिवस मीबी लावीन.

मंग फेब्रुवारीत राखडचा शो अमरावतीतच झाला, कॉलेजच्या ग्राउंडवर, दुपारी चार वाजता. मी तिकीट काढलं. जुनं जाकीट घेतलं अन् त्याच्या पाठीवर टिटवी भरली, मोठी, पंख पसरलेली. काळा दोरा मधातच सरला, मंग डावा पंख शाळेच्या मोनोग्रामच्या हिरव्या दोऱ्यानं भरला. असा पॅच दुसरा कोनापाशी नाही. गेटवर एक पोट्टा नाव इचारून हातावर शिक्का मारे. माह्या पुढं सहा जन, मंग चार, मंग दोन. आतून ड्रमची चाचनी चालू होती, अन् तो धक्का माह्या तळपायाले असा लागे जसं जमिनीखालून कोनी दार ठोकते. माहा नंबर आला. त्यानं नाव इचारलं. पुन्हा इचारलं. मांगचे म्हने चाल ना वं, आमालेबी जाचं हाय. मी फिरली अन् ऑटोत बसून घरी आली. पन खरं सांगू, फिरताना असं वाटलं का मी पूर्ण फिरली नाही. ओढनी खिळ्याले अडकते अन् आपल्याले चार पावलं गेल्यावर कळते, तसं काही तरी गेटापाशी राहून गेलं. घरी येऊन पाह्यलं तर ओढनी होती, पर्स होती, चपला होत्या. सारं होतं.

संध्याकाळी हजेरी सुरू झाली. शिवमनं इचारलं, पौर्णिमा तू? मी लिहलं का मी डाव्या बॉक्सपाशी होती, केस मोकळे सोडले होते, 'पऱ्हाटी'वाल्या गान्यावर सर्व्याईपेक्षा जोरानं ओरडली. हे खोटं हाय प्राजक्ता. माह्या जिंदगीतलं सर्व्यात मोठं खोटं, अन् लिहताना लय बरं वाटलं. मले वाटलं आता कोनी तरी म्हनन, आमाले तर नाही दिसली. पाच मिन्टानं उसामानं लिहलं का हो ना, डाव्या बॉक्सपाशीच, काय ओरडली पोट्टी, माहा कान अजून वाजून राह्यला. मंग शिवमनं लिहलं. मंग आनखी दोघाईनं. मले वाटलं पोट्टे चांगले हायेत, शिक्का न लागलेलीले सांभाळून घेऊन राहिले. मी एक हार्ट टाकला अन् गप्प बसली. तठी चुकली मी. तवाच सांगाले पाह्यजे होतं.

जूनमंदी अकोल्याचा शो झाला, लॉनवरचा. त्या दिवशी मी अमरावतीत होती, आपाच्या मशीनवर, शाळा सुरू व्हाच्या घाईचे दिवस. साडेपाच वाजता माहा पाय पायडलवर पळाले लागला. आपा म्हने हळू, सुई तुटन. मी पाय उचलला. मशीन थांबली, पाय थांबला नाही. जमिनीवर ठोकत राह्यला, कधी हळू, कधी असा जोरात का बाटलीतल्या पान्याले गोल उठे. अर्धा घंटा. आपाचं बोलनं बंद झालं, ते मी पयल्यांदा पाह्यलं. तिनं माह्या गुडघ्यावर हात ठेवला अन् काही तरी पुटपुटून माह्यावर फुंकलं. सात वाजता माहा घसा बसला. सकाळपासून मी चार शब्द बोलली नव्हती, अन् घसा असा का दिवसभर कोनाले हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी मान वळे ना. आईनं बाम चोळला, म्हने उशी बदल.

अन् दुपारी उसामानं फोटो टाकला. पाठमोरी पोट्टी, केस वर उडालेले, पाठीवर टिटवी. डावा पंख हिरवा. मी उठून कपाट उघडलं. जाकीट खुंटीलेच होतं, तसंच. हात लावला तं कॉलर ओली होती अन् अस्तर गरम. सिगरेटच्या धुराचा अन् तुडवलेल्या गवताचा वास. आमच्या गल्लीत कुठंच गवत नाही. मी त्याच दिवशी टिटवी उसवाले बसली. एक एक टाका काढला, दोन दिवस लागले. पंधरा दिवसांपयले बडनेऱ्याचा शो झाला तवा मी तापानं घरी पडून होती, आई बाजूले बसून होती. फोटोत टिटवी होतीच.

आता तुही हजेरी. अकोल्याची तुही हजेरी मी कितीक खेपा वाचली असन. तू लिहलं का मी पौर्णिमाले पयल्यांदा भेटली अन् मले वाटलं ही मेसेजमंदी घुम्यावानी कशी काय राहते. तिनं माहा हात धरून मले गोलात ओढलं. मी पडली तवा तिनं मले उचललं. एका बाटलीतून पानी पेलो. लाइव्हमंदी पौर्णिमा येगळीच हाय, लय भारी हाय. ते वाचून मले भेव वाटलं नाही पाह्य. मले रडू आलं, अन् ते भेवाचं नव्हतं. मले तुहा हात धराचा होता. मले तुले उचलाचं होतं. ती जे जे करते ते सारं माहंच मनातलं हाय, म्हनून मी एवढे महिने चूप राह्यली. शिवम म्हने तुह्यामुळं शोले मजा येते, अन् मी थँक्यू लिहलं. कोनाचं थँक्यू मी घेऊन राहिली होती ते मले माहीत होतं.

पन बडनेऱ्यानंतर तू मले लिहलं का तू जे कानात सांगतलं ते मी कोनालेच सांगनार नाही. मी इचारलं काय सांगतलं. तू म्हने नाटक नको करू, अन् मंग तूच सारं लिहलं. तुह्या राह्यलेल्या दोन विषयाची गोष्ट तिनं काढली, जी तू घरी सांगतली नाही, फक्त मले सांगतली होती. म्हने घरच्याईची कटकट सोड, रविवारी माह्यासंगं चाल, लय मोठा शो हाय. तू इचारलं कुठं, तर म्हने, “फोन घरी ठेव. गाडीत बसल्यावर सांगीन कुठं जाचं.” अन् तू बॅग भरली. प्राजक्ता, मी शिवमले इचारलं रविवारी शो कुठं हाय. सारे शो त्यालेच माहीत असतात. तो म्हने, “नागपूरपासून भुसावळपर्यंत कोठीच नाही. पन तूच तर बडनेऱ्यात म्हनत होती, हाय म्हनून.” मंग त्यानं इचारलं का तुह्याजवळून येवढा गार वारा कसा काय येत होता त्या दिवशी, ऑक्टोबरच्या उन्हात. मी फोन उलटा ठेवून देला.

ती तुले कुठं नेनार हाय ते मले खरंच माहीत नाही. मी खोटं लिहलं तवा तिले डावा बॉक्स देला, मोकळे केस देले, ओरडनं देलं. घरी वापस येनं लिहलंच नव्हतं. शो संपल्यावर ती कुठं जाते ते कोनाच्याच हजेरीत नाही. मी सारी हजेरी पयलेपासून वाचून काढली. तिले निघताना कोनी पाह्यलं नाही. तिचं तोंड नीट आठवते असंबी कोनी लिहत नाही, सारे केसच लिहतात. तुले आठवते का? डोळे मिटून पाह्य बरं.

तू म्हनशीन हे सारं मेसेजमंदी लिहता आलं असतं, तरी तू हासली असती. बरोबर हाय. मी तुले समजावाले नाही लिहून राहिली, मी येऊन राहिली हे सांगाले लिहून राहिली. रविवारी सकाळच्या गाडीचं तिकीट मी मोबाइलवर काढलं. आपा संगं येते म्हने, मी मुंडी हालवून नाही म्हनली. एकटी कधी अमरावतीच्या बाहेर गेली नाही मी. अकोल्याले पुलाची पायरी उतरते ना, तठी उभी राहीन, पिवळा ड्रेस, केस बांधलेले. तुले तठी दोन पौर्णिमा दिसतीन. एक लांबूनच तुह्या नावानं हाक मारन, पळत येईन, हासन, तुही बॅग घेईन. तिच्यासंगं राहनं लय सोपं हाय, मले माहीत हाय. दुसरी मी. मी नुसती उभी राहीन. तू गाडीत चढाले लागली तरी मले ओरडता येनार नाही, पायरीपासून हालता येईन का तेबी सांगता येत नाही. म्हनून आजच सांगून ठेवते. जी हाक मारन तिले तठीच सोड. जी काहीच बोलत नसन तिच्यापाशी तू चालत ये.

तुह्या वाटेकडे पाहत उभी असलेली,
तुहीच
पौर्णिमा