ठिपक्यांचा कागद

कलबुर्गी,
दि. १२ सप्टेंबर २०२४

ती. राजूआत्यास,
शैलश्रीचा सा. न. वि. वि. (नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे. या खोलीत साष्टांगाला जागा नाही.)

आधी एक प्रश्न. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने पियानो वाजवला. त्याची बोटं जिथे पडली, तिथे यंत्राने कागदावर भोकं पाडली. पुढे तो माणूस मेला. आज मी तो कागद कॉम्प्युटरला दाखवते आणि पियानो वाजतो, खोलीत पियानो नसताना. मग वाजवतं कोण? मेलेला माणूस, कागद, कॉम्प्युटर की मी? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा गावभर माझं कौतुक सांगत फिरतात, तेव्हा हे त्यांच्या कानावर घालू नकोस.

फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि मंठाळची निम्मी गल्ली मला उत्तरं देते. म्हणून पत्र.

किरणकुमार अण्णांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आजवर मी निवडणुकीची गाणी केली. चाल एकच असते, पक्षाप्रमाणे फक्त गाण्यातला पुढारी अण्णा बदलतो. आता मात्र खरं काम आलं आहे. बीदरला मैलूरमध्ये ज्या बंगल्यात तू स्वयंपाकाला होतीस, त्या बाईसाहेबांची नात, म्हणजे आमच्या मॅडम, आता हैदराबादला असतात. त्यांच्या आजोबांचा, पायाने भाता हाणला की आपोआप वाजणारा पियानो वाळवीने खाल्ला, पण भोकांच्या कागदांची भेंडोळी खोक्यांत शाबूत आहेत. ती मला पुन्हा वाजती करायची आहेत. सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याशा खऱ्या पियानोची एकेक पट्टी वाजवून साठवलेली आहे. भोक दिसलं की ती पट्टी वाजते. मोठा स्कॅनर आपल्याकडे नाही. घरमालकिणीची दोन लाटणी आणून त्यांवर कागद गुंडाळते आणि फोनच्या कॅमेऱ्याखालून सरकवत फोटो काढते. अण्णा म्हणतात की पोळ्या कधी होणार.

वीस ऑक्टोबरला बंगल्यातच कार्यक्रम आहे, नंतर हैदराबादला. अडचण अशी की एक खोकं रिकामं आहे, आणि नेमकं त्याच्यावर आजोबांनी लिहून ठेवलंय की ही चाल पत्नीच्या विशेष आवडीची. मॅडमना तीच हवी आहे. मला दिवाळीतला तुझा तो लांब कागद आठवला, ज्यावर रांगोळी फासून तू दारात ठिपके उठवायचीस. तो बंगल्यातूनच आणला होतास ना? असला तर पाठव. काम जमलं तर अण्णा मला कायम करणार आहेत. नाही जमलं तर गावी, कोहिनूरला परत, आणि तिथे बाबा काय ठरवून बसलेत ते तुला माझ्याआधी कळलेलं असेल.

लोभ आहे हे तुझ्या कडक भाकऱ्यांवरून कळतंच, तो मऊ पडू देऊ नकोस.

तुझी
शैलश्री


मंठाळ,
१९ सप्टेंबर

चि. शैलूस,
राजूआत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. प्रश्न वाचला. भाकरी मी थापती, चूल जळती, तवा भाजतंय, आन आला की खातंय तुजा बाप. भाकरी कुनाची? तुजा बाप म्हनतोय त्याची. तुज्या पियानोचं बी तसंच आसंल. एवढ्यासाठी कालेज कामून लागतंय?

कागद हाय. बसच्या शरणप्पा कंडक्टरकडं दिलाय, स्टँडवर जाऊन घे. त्याला सांगितलंय औषध हाय म्हनून, न्हाईतर उघडून बघतंय ते. घेतल्यावर झटकून घे, रांगोळी निगंल, कुंकू बी निगंल. कागद दमदार हाय, पन ज्यानं केला त्याला टिपक्याची अक्कल नव्हती. कुटं नुसती दाटी, कुटं हातभर मोकळं. मी नीट करून घेतलाय. दिवाळीच्या आदी परत पायजे. आमच्या गल्लीत समद्या दारांत त्याच्यावरच टिपके उठत्यात.

तुजा बाप अंकुश खिशात फोटो घेऊन हिंडायलाय. उदगीरचं पोरगं हाय, खताचं दुकान हाय. तुजी नोकरी कच्ची हाय हे त्याला कळलंय. दिवाळीपतूर पक्की न्हाई झाली तर पोरगं फराळाला यायलंय. मी फोटो बघितला. पोरगं पोत्याला टेकून हुबं हाय. पोतं जास्त हुशार दिसायलंय.

माया चिठ्ठीत मावत न्हाई, भाकरीसंगं पाठवती.

राजूबाई


कलबुर्गी,
३० सप्टेंबर

ती. आत्यास,
शैलश्रीचा नमस्कार, घाईतला पण पूर्ण.

कागद मिळाला. अण्णांच्या दाढीच्या ब्रशने झटकला. (त्यांना अजून माहीत नाही. दोन दिवस गालाला पांढरं लागतंय म्हणून चुना खाणाऱ्या ड्रायव्हरवर डाफरत होते.) मग वाजवला.

सुरुवातीला एक साधीशी, जराशी रडकी चाल आहे. मध्येच ती थांबते आणि एक सूर येतो. मग तीन एकदम, मग पाच, मग सात, आणि पुन्हा पाच, तीन, एक. सुरांमधलं अंतर सारखं, काळजीपूर्वक मोजल्यासारखं. चाल पुढे जाते, पुन्हा तेच. सातांच्या ओळीत एक सूर मात्र जरा उशिरा येतो आणि साफ बेसूर. अण्णांनी ऐकलं आणि चहा थंड होऊ दिला, जे त्यांनी कुठल्याही आमदारासाठी केलेलं नाही.

मॅडमनी ते हैदराबादच्या एका जाणकारांना ऐकवलं. ते भारावून गेले. कार्यक्रमाच्या पत्रकासाठी त्यांनी पानभर मजकूर पाठवला आहे. त्यांचं म्हणणं असं की हा अनामिक वादक आपल्या काळाच्या फार पुढे होता, हे सूर कमळासारखे उमलतात आणि मिटतात, आणि त्या एका बेसूर सुरापाशी त्याचं काळीज फाटलं असलं पाहिजे.

मी आनंदात होते. मग काल फोटो मोठा करून पाहिला. चालीची भोकं चौकोनी आणि स्वच्छ कापलेली आहेत. कमळाची गोल आहेत आणि त्यांच्या कडा तपकिरी. कागद नाकाशी नेला. आत्या, चंदनाचा वास येतो.

तू उदबत्तीने भोकं पाडलीस का? खरं सांग.

अण्णांना दाखवलं. ते म्हणाले की या स्टुडिओत आजवर खरं असं काहीच रेकॉर्ड झालेलं नाही, मग आताच ही घाई कामून? गप्प बसलीस तर हैदराबादचा कार्यक्रम आणि कायमची नोकरी, बोललीस तर जत्रेच्या घोषणा, त्याही महिनाअखेरपर्यंत, असं त्यांनी बोटांवर समजावलं. एका बटणात तुझी भोकं पुसताही येतात, पण मग कमळ जातं आणि मॅडम विचारणार की ते कुठे गेलं. ठेवलं, तर तो बिचारा मेलेला माणूस फुकट काळाच्या पुढे गेलेला राहतो. सगळं खरं करायचं म्हणून मी या कामाला लागले, आणि पहिल्याच कागदावर ही वेळ.

उत्तर लवकर धाड. लोभ वाढो न वाढो, आहे तेवढा या महिन्यात लागणार आहे.

शैलश्री


मंठाळ,
६ ऑक्टोबर

चि. शैलूस,
आशीर्वाद. आदी जेव, मग वाच.

व्हय, मीच पाडली. उदबत्तीनं न्हाई तर काय दातानं पाडू? समद्या बाया तसाच करत्यात टिपक्यांचा कागद. सात टिपके, मधी कमळ. तुजा त्यो जानकार म्हनतोय कमळ हाय, तर बरोबरच म्हनतोय की. मानूस हुशार हाय, फकस्त कुनी काडलं तेवढं चुकलं.

चोरून बी आनला न्हाई. बाईसाबनी सोताच्या हातानं दिला. आवडीची चाल कसली आलीय! सायेब पाव्हन्यांना बसवायचे, पायानं ते धूड हानायचे, आन हितं माजं कालवन थंड. बाईसाब कानात कापूस घालून हसऱ्या तोंडानं बसायच्या. सायेबाला वाटायचं लई आवडायलंय. सायेब गेल्यावर म्हनल्या, राजू, हे एक तेवढं घेऊन जा, बाकीचं मी सोसते. भोकं पाडताना कागदाचं दुसरं टोक त्यांनीच धरलं हुतं. मला बी एक पाडू दे म्हनल्या. सायबाची नक्कल करत हसायल्या, आन हात घसरला. एक टिपका वाकडा पडला, बघ. काळीजबिळीज कुनाचं फाटलं न्हाई, हसून पोट दुखलं तेवढं.

आता काय करायचं ते तू बघ. मला इचारशील तर गप बस. नोकरी राहू दे, खताचं पोतं उदगीरलाच बरं हाय. पन एक हाय. एवढी वर्सं मी टिपके काडले, ते वाजत्यात हे कुनी सांगितलं न्हाई. मला एकदा ऐकू दे. आन कागद परत धाड.

माजं गुडगं बीदरपतूर चालत न्हाई, माया चालती.

राजूबाई


कलबुर्गी,
२२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शैलश्रीचा नमस्कार. या वेळी खुर्ची बाजूला सारून, खरा साष्टांग.

तुझं एक ऐकलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मॅडमना सगळं लिहून पाठवलं. भोकांचे फोटो, उदबत्ती, कानातला कापूस, काही गाळलं नाही. अण्णांना विचारलंही नाही. कळल्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. स्टुडिओत दोघंच असताना ते बाहेरच्या रिक्षावाल्याला सांगायचे की तिला म्हणावं पंखा बंद कर.

दसरा गेला तरी मॅडमचं उत्तर नाही. मी मनातल्या मनात उदगीरला फराळ वाढायला लागले होते. मग फोन आला. लहानपणी त्यांना वाटायचं की आजीचा कान दुखतो. आता कळलं, म्हणाल्या. मग विचारलं की ते वाकडं भोक नक्की आजीचं का. मी म्हटलं, तुमच्या आजीच्या सुरांपैकी तेवढा एकच शिल्लक आहे, आणि तो बेसूर आहे.

जाणकारांनी आपलं पान परत घेतलं आणि हैदराबादचा कार्यक्रमही त्या पानाबरोबर गेला. तेवढं नुकसान झालंच. पत्रक मी नव्याने केलं. त्यात वादक तीन आहेत. पहिला, नाव ठाऊक नाही. दुसरी राजूबाई, मंठाळ, वाद्य उदबत्ती. तिसरी बाईसाहेब, एकच सूर, तोही हसताना. वाजवतं कोण याचं मला आलेलं उत्तर एवढंच. चौथा हिस्सा लाटण्यांना द्यायला हवा होता, पण जागा संपली.

रविवारी बंगल्यात आधी त्या माणसाचं एकट्याचं वाजवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, दोघे झोपले. मग सॉफ्टवेअरमध्ये तुझी भोकं पुन्हा जागेवर ठेवली आणि कशी पडली ते सांगून वाजवलं. झोपलेले उठले. पुन्हा लाव म्हणून आरडाओरडा झाला. मॅडमनी डोळे पुसले आणि त्या वाकड्या सुरापाशी मोठ्याने हसल्या. चहाच्या वेळी अण्णा प्रत्येकाला सांगत होते की ही सगळी मूळ कल्पना त्यांचीच. उरलेली भेंडोळी मॅडमनी आम्हाला दिली, पण अट अशी की काम मीच करायचं. त्यामुळे अण्णांनी मला कायम केलं आहे. त्यांच्या भाषेत कायम म्हणजे भेंडोळी संपेपर्यंत. बाबांना फक्त पहिलं वाक्य सांगितलं आहे.

वाजवलेलं तुझ्या फोनवर पाठवलं आहे. आवाज कमी करू नकोस. निम्म्या गल्लीला ऐकू दे.

आता कागदाचं. मॅडमना तो बंगल्यात काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. इतका मोठा ऐवज रांगोळीत मळवायचा का, असं अण्णाही म्हणाले. मी फ्लेक्सच्या दुकानातून तेवढाच लांब कागद छापून आणला, पहिल्याची भोकं ब्लेडने कापली आणि तुझी उदबत्तीने पाडली. अण्णांना वाटलं मी पूजेला बसले आहे. वाकडं भोक पाडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तसं हसू येईना.

ती नक्कल काचेत गेली. खरा कागद बाईसाहेबांनी तुला दिलेला आहे, तो तुझा. मॅडमना तसं लिहून कळवलं आहे. विचारलेलं नाही. शरणप्पा कंडक्टरना या वेळी औषध म्हणून सांगितलं नाही, उघडून बघा म्हटलं. दिवाळीत दारं मोकळी ठेव, आणि माझ्यावरची माया रांगोळीसारखी सढळ हाताने सोड. कागद सकाळच्या गाडीने निघाला आहे.

तुझी
शैलश्री