कापलेले अकरा सेकंद

महिपतीमामा,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

पाण्याची पाळी नसताना तुम्ही मोरिवलीतल्या एका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडत होतात. ते मी मोबाईलवर शूट केलं आणि 'पाणीचोर कर्मचारी' म्हणून माझ्या चॅनेलवर टाकलं. संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी तेच उचललं, कुणाला काही न विचारता. दुसऱ्या दिवशी तुम्ही सस्पेंड झालात. "सख्ख्या मामालाही सोडलं नाही," म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

व्हिडिओत तुम्ही म्हणाला होतात, "कैलास, मयत झालीय रे इथे. माणसं स्मशानातून येतील, आंघोळीला पाणी नको?" ते अकरा सेकंद मीच कापले. ठेवले असते तर बातमीच उरली नसती.

मूळ व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये आहे. रोज टाकायला घेतो आणि ठेवून देतो. हे पत्रही तसंच पडून राहील.

बाबा गेले तेव्हा आमच्या गल्लीचीही पाळी नव्हती. तरी आम्ही स्मशानातून आलो तेव्हा नळाला धो धो पाणी होतं. पहिली बादली तुम्हीच माझ्या डोक्यावर ओतली होती.

तुमचा म्हणवत नाही,
कैलास