शंभर टक्के लसीकरण, ठेकेदार मी

३ नोव्हेंबर
ठेका मिळाला! लसीकरणाचा राष्ट्रीय सर्व्हे. सरकारने दिल्लीच्या कंपनीला दिला, दिल्लीने नागपूरच्या साहेबांना, साहेबांनी मला. म्हणजे गोंदिया जिल्ह्यापुरतं भारत सरकार मीच. काम सोपं. घरोघरी लहान मुलांचं कार्ड बघायचं, कोणत्या लसी झाल्या ते टॅबवर भरायचं. बायको म्हणाली, "यातलं तुमाले काय समजते जी?" रुचिका जळते.

६ नोव्हेंबर
सर्व्हेच्या पोरींना ट्रेनिंग दिलं. त्यात सोनिका नावाची एक अतिशहाणी. घर बंद असलं तर काय करायचं म्हणे. मी म्हटलं, 'लस झाली' लिहायचं, आपल्या सरकारवर विश्वास पाहिजे. तर म्हणते, "पाहल्याबिगर कसं लिहू, सर?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. उद्यापासून कडक वागायचं.

१० नोव्हेंबर
कडक वागलो. नागझिऱ्याच्या जंगलाकडची सगळी गावं एका दिवसात उरकायला सांगितली. गाडी मागत होत्या. दिली नाही. सगळ्यांनी काम सोडलं. सोनिका जाताना म्हणाली, "आता तुमीच फिरून पाहा." धमकी देते! कचरा गेला, बरं झालं. मी एकटा पुरेसा आहे.

१२ नोव्हेंबर, सकाळ
सौंदडला निघालो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. आज अख्खं गाव संपवतो.

दुपार
गाव धान कापायला गेलेलं. देशकार्याची कोणाला पडलेली नाही. एका ओसरीत सुलोचनाबाई नावाची म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. कार्ड मागितलं. म्हणे, "तुले काऊन दाखवू? कोन आहेस तू?" मी म्हटलं, भारत सरकार. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. म्हातारीने खराटा उचलला. मी स्वतःहून निघालो.
सौंदड स्टेशनवर चहा घेत बाकीचं गाव टॅबवर भरून टाकलं. सगळ्या बाळांना सगळ्या लसी दिल्या. हात आखडता घेतला नाही. सुलोचनाबाईच्या नातवाला मात्र एकही दिली नाही.

१७ नोव्हेंबर
पद्धत जमली. रोज स्टेशन, रोज चहा, उरलेला जिल्हा पूर्ण. लसीकरण जवळजवळ शंभर टक्के. साहेबांचा अजून फोन नाही. भारावले असतील.

२० नोव्हेंबर
फोन आला. विचारत होते, "रहांगडालेजी, सौंदड के प्लॅटफॉर्म पे इतने बच्चे कैसे?" कोणत्या घराची माहिती कुठे बसून भरली, ते टॅब आपोआप नोंदवतो म्हणे. असला चोंबडेपणा मशीनला कोणी शिकवला? मी शांतपणे समजावलं, सर, सर्व्हेत क्लस्टर असतात, क्लस्टर म्हणजे घरं एकत्रच. साहेबांनी फोन ठेवला. पटलं त्यांना.

२४ नोव्हेंबर
पटलं नव्हतं. ठेका काढून सोनिकाला दिला. नागपूर, दिल्ली, सौंदडची म्हातारी, सगळे सामील आहेत. आता ती पुन्हा घरोघरी फिरणार. फिरू दे. हिला कोणी दारात उभं करणार नाही.

२ डिसेंबर
केलं. आमच्याच दारात. आमच्या फुलचूर गावातून सर्व्हेला निवडलेल्या घरांत आमचं घर निघालं. मी दार लावणार तेवढ्यात रुचिकाने तिला खुर्ची दिली, वर चहा.
सोनिकाने सरळ मलाच विचारलं, "सर, तुमच्या खुशीले कोनत्या लसी झाल्या?" खुशी माझी, दीड वर्षाची. मी छातीठोकपणे सांगितलं, सगळ्या.
रुचिका आतून कार्ड घेऊन आली. म्हणे, "गोवराची दुसरी राहिली. नेऊन आना म्हनून कितीदा सांगतलं, तं म्हनत, मी सर्व्हेत बिझी आहो."
सोनिका हसली असती तर मी ऐकवलं असतं. हसली नाही. टॅबवर 'अपूर्ण' भरलं आणि म्हणाली, उद्या उपकेंद्रात लस आहे, घेऊन या.
मग तिने विचारलं, कुटुंबप्रमुख कोण?
मी घसा साफ केला. रुचिकाने स्वतःचं नाव सांगितलं.
हरकत घेणार होतो. पण खुशी माझ्या मांडीवर झोपली होती, जोरात बोलता आलं नाही.