रूमवरच आहे

प्रिय अफशाँ,

सलाम. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवणारी ही बया आज कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. तुझा फोन घरात सगळ्यांचा आहे, म्हणून. माझा मेसेज आला की तुझी नणंद मोठ्यानं वाचते आणि आवाज पाठवला तर तुझ्या सासूबाई स्पीकर लावून ऐकतात. म्हणून हे पाकीट माझ्या चुलतभावाच्या, इमादच्या बॅगेत घातलंय. तो सुट्टीवर येतोय. शुक्रवारी दाभोळला पोचला की तुझ्याच हातात देईल. वाचताना एकटी बस, आणि शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. इथे हफ्र अल बातिनमध्ये थंडी पडलीय. गावी सगळ्यांना सौदी म्हणजे नुसतं ऊन वाटतं, पण जानेवारीत पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो आणि वारा हाडात शिरतो. आमच्या इमर्जन्सीत सध्या खोकणारेच जास्त. ड्युटी संपली की मी एक फोन सांभाळते. त्याबद्दल तुला कधी धड सांगितलंच नाही, आज सांगते.

इथे कंपनी बुडाली की नोकरीबरोबर छप्परही जातं, कारण छप्पर कंपनीचंच असतं. पूर्वी असा माणूस दारोदार फिरायचा. आधी कोकणवाल्यांकडे, मग हैदराबादवाल्यांकडे, मग मशिदीत. प्रत्येक ठिकाणी तीच रडकथा. ज्याला रडता येतं त्याला खाट मिळायची, मुखदुर्बळ बाहेर. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, तसलं. मग आपल्या लोकांनी हफ्रपासून अबकैकपर्यंतच्या सगळ्या मंडळांना एकत्र बसवलं. आता सगळ्यांचा एकच नंबर. फोन कुठूनही येवो, प्रश्न तेच, रांग एकच. खाट खोबरला एखाद्या व्यापाऱ्याच्या फ्लॅटमध्ये रिकामी असो की इथे बेकरीच्या माळ्यावर, ज्याचे हाल सगळ्यांत जास्त त्याला ती आधी. ओळख नाही, वशिला नाही. माणूस जे बोलेल तेवढंच लिहायचं, त्याच्या तोंडात आपलं उत्तर घालायचं नाही, हा नियम मीच भांडून करून घेतला. नाहीतर जो तो आपल्या गाववाल्याला पुढे सरकवेल. आणि पहिला प्रश्न असतो, काल रात्री कुठे झोपलात?

याच प्रश्नावर आपली माणसं आपटतात, अफशाँ. गेल्या थंडीत बिहारचा एक पेंटर 'दोस्त के पास' म्हणाला. बंद पिकअपमध्ये कोळशाची शेगडी घेऊन झोपला होता. त्याला आमच्याच इमर्जन्सीत आणलं. मी नाडी बघायला हात धरला, तर तो कधीचाच थंड झालेला.

आता दुसऱ्या एका माणसाचं सांगते. त्याच्या कंपनीला टाळं लागलं, कॅम्प रिकामा करायला लावला, हिशेब आणि परतीचं तिकीट लेबर कोर्टात अडकलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अजून चालू आहे, एवढंच काय ते नशीब. त्यानं आमच्या नंबरवर फोन केला तेव्हा फोनवर माझ्याऐवजी उमाकांत होता. हा आमच्या लॅबमधला यवतमाळचा पोरगा, सरळ आणि कामसू. त्यानं विचारलं, काल कुठे झोपलात. उत्तर आलं, 'रूमवर.' उमाकांतच्या लेखी रूम म्हणजे चार भिंती आणि एक पलंग. त्यानं माणसाला रांगेच्या शेपटाला टाकलं. त्याच्याआधी एक फोन माझा आवाज ऐकताच कट झाला होता. तोही याचाच असणार.

उमाकांतला काय ठाऊक आपल्या लोकांची 'रूम'! माझे अब्बा कुवेतला कितीतरी वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये झोपले, आणि आम्ही पोरं गावभर सांगायचो, अब्बा रूमवर आहेत. दुकानामागची फळी असो की जिन्याखालची जागा, घरी फोन लागला की माणूस रूमवरच असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडत नाहीत आणि आतल्या आत गारठून जातात.

गेल्या आठवड्यात तो माणूस खोकत खोकत इमर्जन्सीत आला. छातीत कफ भरलेला, कपड्यांना जळक्या लाकडाचा वास. मला बघून त्यानं मान फिरवली. मी वाफ दिली, इंजेक्शन दिलं आणि पत्ता विचारला. नव्या मार्केटमागची बिल्डिंग म्हणाला. ती बिल्डिंग मी येता-जाता बघते, अर्धीच बांधून सोडलीय. खिडक्यांना चौकटी नाहीत, खोल्यांना दारं नाहीत, जिन्याला कठडा नाही. मी तिथेच स्टुलावर बसून आमचा पहिला प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, 'रूमवरच आहे, अदिबा. तू अफशाँला काही बोलू नको.'

आता मला 'तो' म्हणणं जमत नाही. ते यासीनभाई आहेत, अफशाँ. तुझे यासीन.

थोडं पाणी पी, मग पुढे वाच. ताप उतरलाय, औषध मी रोज पोचवते, दोन ब्लँकेटंही दिलीत. मी नर्सेसच्या हॉस्टेलात राहते, तिथे पुरुषाला फाटकातही उभं करत नाहीत. इमादनं कंपनीच्या कॅम्पात पाहुणा ठेवला तर त्याचीच नोकरी जाईल. मला माझाच राग येतो. मी डोळ्यांनी बघितलंय, पण त्यांच्या तोंडून आल्याशिवाय मला ते रांगेत लिहिता येत नाही. मी आज माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला पुढे सरकवलं, तर उद्या त्या पेंटरसारख्या कुणाला मागे टाकेन. आणि हा हट्टी माणूस रोज त्याच एका शब्दावर अडून बसतो. काल तर हसून म्हणाले, अयानची दहावी होऊ दे, मग सगळं सांगतो. अयान तिकडे शाळेत सांगत असेल, अब्बा रूमवर आहेत.

तुला समरीन आठवते? सहावीत होती आपल्या वर्गात. अब्बांनी कुवेतहून घड्याळ पाठवलंय म्हणून बाही खाली ओढून फिरायची. आम्ही सगळ्या तिला चिडवत होतो, दाखव दाखव म्हणून. तू जवळ गेलीस आणि नुसतं विचारलंस, 'किती वाजले गं?' तिला रडू फुटलं, आणि तूच तिला धरून बसलीस. जेट्टीवरून घरी जातानाही तुझा हात तिच्या खांद्यावर होता. असं विचारणं मला या जन्मात जमणार नाही. मी नर्स, मी सुईच टोचणार.

म्हणून हे पत्र. अफशाँला सांगू नको म्हणाले, तेव्हा मी मान हलवली नव्हती. बेकरीच्या माळ्यावरचा माणूस पुढच्या आठवड्यात घरी चाललाय, त्याची खाट रिकामी होईल. यासीनभाईंच्या तोंडून खरं निघालं, तर त्यांच्यापुढे रांगेत कुणी उरणार नाही, एवढं मी जाणते. तुझ्यापुढे एकदा मूठ उघडली, की आमच्या नंबरवरही ते खरं सांगतील. शुक्रवारी मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर ते मशिदीच्या वायफायवरून तुला फोन करतील. 'कसे आहात' विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांना तोंडपाठ आहे. रडू नकोस, माझं नावही काढू नकोस. फोन घेऊन परसात जा, आणि साधंच म्हण, 'थंडी फार आहे म्हणे तिकडे. रूमवर गेलात की व्हिडिओ लावा आणि मला तुमच्या रूमचं दार दाखवा.' मग गप्प राहा. ते कितीही वेळ बोलले नाहीत, तरी फोन ठेवू नकोस.

तुझीच,
अदिबा