गाळाची नळी

मुर्तोझा,
१४ नोव्हेंबर

लिओनोरबाई यांस,

तुमचा खोकला एव्हाना थांबला असेल. माझं ठीक चाललं आहे. मुलगी परवा पोर्तूला परत गेली, आता घरात मी आणि मांजर. वाल्देमारच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला तुम्ही फुलं घेऊन आलात, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

तुम्ही दोनदा फोन केलात. वाल्देमारने तपासणीसाठी खाडीतून काढलेली गाळाची नळी घरी आहे का, असं विचारलंत. मी म्हटलं, बघते. बघायची गरज नव्हती. ती फ्रीजरच्या कोपऱ्यात उभी आहे, वामांच्या पिशव्या आणि मक्याच्या पावाच्या मध्ये. रोज झाकण उघडते, पाव काढते, झाकण लावते.

काल बाजारात इदालिना भेटली. कारखान्याचा पारा गाळात किती उरला आहे हे कळेपर्यंत खाडी बंद, त्यामुळे तिच्याकडच्या, तिसऱ्या-शिंपल्या वेचणाऱ्या बायका सगळ्या घरी बसून आहेत. चार गिऱ्हाइकांसमोर ओरडली, "काय गं ओतीलिया, तुझ्या नवऱ्याचा चिखल अजून बोलला नाही का? की तोही तुझ्यासारखाच घुमा?"

मी म्हटलं, प्रयोगशाळेला वेळ लागतो.

"पारा आहे म्हणालात तर दंताळी विकून टाकते, नाही म्हणालात तर उद्या पाण्यात उतरते. पण काहीतरी म्हणा की बायांनो!"

बायांनो. म्हणजे तुम्ही आणि मी. दफनाच्या दिवशीही असंच झालं. फादरनी आधी तुमचा हात हातात घेतला, मग माझा.

ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. मला तुमचा मत्सर वाटतो. तो गेल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, उलट वाढला. वीस वर्षं प्रत्येक मोठ्या ओहोटीला तो तुमच्याबरोबर होडीत, गाळाचे नमुने काढायला. एकदा तुम्ही कमरेपर्यंत रुतलात, त्याने ओढून काढलं आणि तुमचा बूट तेवढा खाली राहिला. ही गोष्ट जेवताना सांगायचा तेव्हा हसून हसून डोळे पुसायचा. माझ्या कुठल्या बोलण्यावर तो तसा हसायचा नाही.

नमुन्याच्या दिवशी अंगठी काढून स्वयंपाकघरातल्या बशीत ठेवायचा. "गाळाला दुसरा धातू लागता कामा नये," म्हणायचा. "लिओनोरसुद्धा कानातले काढते." मी केस कापून आले तरी ज्याला आठवडाभर पत्ता नसे, त्याला तुमचे कान बरे दिसायचे. मी म्हणायचे, "चिखलाशीच लग्न लावायचं होतंस." तर म्हणायचा, "चिखल भांडत नाही," आणि बूट चढवायचा.

आता त्या नळीबद्दल.

त्या शुक्रवारी तुम्ही तापाने पडून होता. तुम्हाला वाटतं तो एकटाच गेला. एकट्याने ती नळी निघत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी बरोबर कोण होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत.

मी होते.

"येतेस का? दुसरं कोणी मिळत नाही," म्हणाला. असंच म्हणाला, मी गोड करून सांगत नाही. माझी अंगठी मी त्याच बशीत ठेवली. गुडघाभर गाळात उभी राहून मी दोन्ही हातांनी नळी धरली आणि तो लाकडी हातोड्याने वरून ठोकू लागला.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"हलतेयस. लिओनोर हलत नाही."

"मग लिओनोरला बोलाव. ताप घेऊन येईल."

तो हसला. हातोडा बाजूला ठेवून, कंबर धरून हसला. मग नळी वर ओढताना आम्ही दोघंही मागे बसलो. खालचं बूच सापडेपर्यंत तिच्या तोंडाला माझा तळहात लावून ठेवायला सांगितलं. गाळ इतका गार असेल असं वाटलं नव्हतं.

परतेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती, म्हणून नळी घरी आणली. रविवारी जेवून उठताना तो कोसळला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही ती नळी कापाल. तिच्या पातळ चकत्या कराल, वाळवाल, दळाल, आम्लात विरघळवाल. शेवटी आकडे उरतील. ते इदालिनाला हवे आहेत आणि तिचं बरोबर आहे. मी आणखी अडवून धरणार नाही. सोमवारी दुपारी येऊन घेऊन जा. जेवायला थांबा असं मी म्हणणार नाही, तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका.

एकच सांगायचं आहे. नमुना कोणी काढला ते अहवालात लिहावं लागतं, असं तो सांगायचा. इतकी वर्षं तीच दोन नावं लिहिली गेली, तुमचा हात सवयीने तीच लिहील. या वेळी लिहू नका. बाकीचे सगळे नमुने तुम्हा दोघांचे आहेत, त्यांबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. हा आमचा आहे. त्याच्या नावाशेजारी लिहायचं नाव चुकू नये, म्हणून खाली सुट्या अक्षरांत पूर्ण देते.

ओतीलिया तवारेश रामाल्यो
वाल्देमारची बायको