सारोळ्याच्या फलाटावरची चमक

नगर,
१८ नोव्हेंबर १९७२

प्रिय रंगनाथ,

तुझं पत्र मिळालं, आणि त्यासोबत त्या दुकानाच्या यादीचं फाडलेलं पानही. पानावर वार्निशचे सहा डबे, सहाही पारदर्शक थराचे, आणि खाली तुझी एकच ओळ, 'अक्का, यातला कुठला हवा ते कळव.' शाबास! लीड्समध्ये छोट्या आगगाड्यांची स्वतंत्र दुकानं आहेत असं तूच लिहितोस. तिथल्या माणसाला एक प्रश्न विचारायला तुझी जीभ झिजते, म्हणून एकसष्ट वर्षांच्या बहिणीने नगरात बसून निवड करायची! तर केली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या अर्धवट बरळण्यातून हवा तो नंबर काढला, सहा डब्यांतून एक काढणं काय अवघड? पहिले दोन चमकदार, ते डोळ्यांसमोर नकोत. पुढचे दोन निमचमकीचे, म्हणजे धड सासरचे नाहीत आणि माहेरचेही नाहीत. पाचवा अगदी बिनचमकीचा आहे, पण बाटलीतला. तो ब्रशने लावायचा, आणि ब्रश फिरला की गाडीच्या डब्यांवरचे बारीक आकडे पुसटतात. सहावा बिनचमकीचा आणि फवाऱ्याचा. तोच हवा. चमकलेल्या वस्तूवर वरून मारला तर चमक मरते, असं त्याच्याखाली बारीक टायपात छापलंय. तुझा मित्र डिसेंबरात मुंबईला उतरणार आहे ना, त्याच्या हाती दे. आणि डब्यावर 'मॅट', म्हणजे बिनचमकीचा, हा शब्द स्वतः वाचून घे, दुकानदाराच्या भरवशावर राहू नकोस.

एवढा आटापिटा कशाला, असं तुला वाटेल. तुझ्या दाजींचं सारोळा स्टेशन तू पाहिलेलं नाहीस, म्हणून वाटेल. यांनी तिथे अकरा वर्षं स्टेशनमास्तरकी केली. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने हे घरभर घड्याळ बघत फिरायचे. मग एक दिवस जुनं दार चार पायांवर टाकलं आणि त्यावर स्टेशन उभं करायला घेतलं. त्याला आता पाच वर्षं झाली. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांची इमारत, पत्र्याचे डबे, बाभळीच्या काटक्यांची झाडं. छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना देऊन गेला होता, ते इंजिन. फलाटाची माती तर खुद्द सारोळ्याची. पिशवीतून आणून, मलमलीतून तीनदा चाळून, डिंकावर बसवलेली. दिव्याच्या खांबाखाली तेल गळून काळी पडलेली जागासुद्धा यांनी सोडली नाही. हे सगळं मला सुरुवातीला खुळ वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. पण संध्याकाळी हे त्या टेबलाशी वाकले की त्यांच्या खांद्यांत पुन्हा तो जुना कामाचा ताठपणा यायचा.

मदतीला छगन असायचा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, गल्लीच्या टोकाला राहणारा. दिवसभर सायकलीवर रंगाचे डबे लटकवून हिंडायचा आणि सहाला आमच्या दारात हजर. सारोळ्याच्या तिन्ही पाट्यांवरची अक्षरं त्याच्याच हातची, आणि फलाटावरची बोटाच्या पेराएवढी माणसंही. एका बाईला त्याने माझ्यासारखं ठसठशीत कपाळ दिलं, कमरेवर हात दिला, आणि मला बोलावून म्हणाला, "बाई, ही गार्डावर खेकसतीय बरं का." हे पोट धरून हसले. यांना दुसरा मित्र नाही, रंगनाथ. स्टेशनमास्तरला सगळी गाडी ओळखते, पण उतरून थांबत कोणी नाही.

सप्टेंबरपासून त्या खोलीला कडी आहे. तेव्हा तुला फक्त 'स्टेशन चमकल्याने बिघडलं, ती चमक घालवणारं काही असेल तर पाठव' एवढंच लिहिलं होतं. नेमकं काय झालं ते आता वाच. यांची थोरली बहीण, बनुबाई, पाथर्डीला गेली. हे तेराव्यापर्यंत तिकडेच होते. माझा गुडघा सुजलेला, म्हणून मी मागे राहिले. ते परतले तेव्हा सगळं स्टेशन लखलखत होतं. छप्पर, झाडं, माती, इंजिन, सगळं. इथे दोन वर्षं पाऊस नाही, पारनेरकडची माणसं खडी फोडायला रस्त्यांवर आलीत, आणि आमच्या सारोळ्यावर नुकताच वळीव पडून गेल्यासारखं. फलाट ओला, बाभळी ओल्या, गार्ड घामेजलेला. पाच वर्षांचं गाव दुकानातल्या खेळण्यासारखं दिसायला लागलं. यांनी दारातूनच पाहिलं. आत गेले नाहीत.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐक आणि हस. बुटांच्या खोक्याच्या झाकणावर तसलाच चकचकीत थर देऊन त्यावर टाल्कम पावडर चोळली, ती दुसऱ्या दिवशी भुरभुर उडाली. लाखेच्या वार्निशात खडूची पूड कालवली, तर पांढरे डाग पडले, गोवर उठल्यासारखे. तांदळाच्या खळीला मुंग्या लागल्या. शेवटी शेजारच्या गहिनीनाथ हवालदारांना गाठलं. ते तीस वर्षं रणगाड्यांत होते. विचारलं, तुमच्या रणगाड्यांना चमक कशी नसते हो? ते म्हणाले, "ताई, चमकला तर दुश्मनाला दिसतो की! पण आमचा रंगच तसला, त्यातनं खालचं काई दिसायचं न्हाई." म्हणून तुला लिहिलं. डबा आला की आधी त्या झाकणावर मारून बघेन. स्टेशनाच्या खिडक्यांना कागद चिकटवेन, नाहीतर त्या आंधळ्या होतील. आणि कोरड्या दुपारीच मारेन, दमट हवेत थर पांढरट पडतो असंही त्या पानावर आहे. यंदाच्या हवेत दमटपणाची भीती नाही, एवढं एकच या दुष्काळाने आम्हाला दिलं.

आता तू म्हणशील, चमक आली कुठून? तुझ्याच डब्यातून. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू पाठवला होतास तो. तो चकचकीत निघाला म्हणून यांनी मुकाट्याने फडताळात ठेवून दिला. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही, आणि मलाही बोलले नाहीत. आले त्या दिवशी यांनी छगनला बोलावून विचारलं, "हे तू केलंस?" छगन दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "व्हय साहेब. माझीच चुकी झाली." हे म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." आवाज चढवला नाही. गाडी सोडताना बोलायचे तसं बोलले.

फवारा मी मारला, रंगनाथ. बहिणीला पोचवून येणाऱ्या माणसाला घरात काहीतरी उजळलेलं दिसावं, एवढंच मनात होतं. दसऱ्याला सारोळ्याचा कंदील न् कंदील मी उभी राहून घासून घ्यायची. वस्तू चकाकली म्हणजे तिची निगा राखली, हेच मला ठाऊक. छगन हात जोडून सांगत होता, "बाई, टेसन वलं दिसंल. सायबांना येऊ द्या की." मी त्याला म्हटलं, डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला मी कॉन्व्हेंटात शिकले आहे, तू तुझ्या पाट्या रंगव. आणि त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं तेव्हा, अख्ख्या जिल्ह्याला टेलिफोनवर सुनावणारी मी, तोंडातून शब्द काढू शकले नाही. दोन महिने झाले. सहा वाजता हे ओसरीवर बसतात, गल्लीच्या टोकाकडे बघतात, आणि आत येतात.

डब्याची निवड एका कार्डावर मावली असती. तुला विलायतेला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतकी वर्षं तुला जाणाऱ्या पत्रांवरचा पत्ता हेच घालतात आणि खाली चार ओळी लिहितात. वरचं सगळं वाचल्याशिवाय लिहीत नाहीत, स्टेशनमास्तर सही करतो तसं. तेव्हा हे पत्र तुझ्या आधी कोण वाचणार ते मला लिहितानाच ठाऊक होतं. आत्ता पावणेसहा झालेत. पत्र उघडंच यांच्या चष्म्याखाली ठेवते आणि छगनच्या घरी जाते. तो येईल की नाही माहीत नाही, पण या वेळी बोलायचं मला आहे. खालची जागा यांच्या चार ओळींसाठी सोडली आहे. ती कोरीच तुझ्याकडे आली तर समजून घे, आणि तरीही डबा पाठव.

तुझीच,
रतनअक्का