कात्रणांच्या फायली कोणाच्या

मी सुकदेव भिका सुरवाडे, वय बासष्ट, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला कारकून, राहणार वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मागच्या महिन्यात रक्तात साखर निघाली. पण साखरेचा डोक्याशी संबंध नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतले आहे.

१. वरणगावचे राहते घर माझ्यामागे माझी पत्नी यशोदाबाई हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी "आमच्याकडे चला, घर भाड्याने देऊ" असे सुचवू नये. तिच्यामागे मुलगा यादव (राहणार जळगाव) आणि मुलगी मंदा (शिक्षिका, राहणार धुळे) यांना समान. मुलगी सासरी गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

२. पोस्टातील व बँकेतील जी काही शिल्लक असेल ती यशोदाबाईची. पासबुके गव्हाच्या कोठीमागे आहेत. तिला माहीत आहे.

३. बाबासाहेबांचे ग्रंथ व माझी इतर पुस्तके विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. कुलूप लावून ठेवणार असाल तर देऊ नयेत.

४. सायकल ज्याला चालवायची असेल त्याने न्यावी. ब्रेक लागत नाही, हे आधीच सांगतो.

५. आता मुख्य गोष्ट. आमच्या घरी पाककृतींच्या कात्रणांच्या चार फायली आहेत. नातेवाईक त्यांना "आबांच्या फायली" म्हणतात. यादव म्हणतो, झेरॉक्स काढून दोघांनी वाटून घेऊ. मंदा म्हणते, झेरॉक्सला हळदीचा वास येत नाही, मला मूळच हव्यात. दिवाळीत दोघे यावरून एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणून खरे काय ते कायमचे लिहून ठेवतो.

यशोदाबाई दोंडाईच्याची. लग्न होऊन ती फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा एका बाजूला बंगाली बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला मल्याळी. त्यांच्या घरातून वास आला की ती दारात उभी राहून विचारायची, "त्या काय रांधी ऱ्हायन्यात?" मला काय माहीत? १९६९ साली साहेबांच्या परवानगीने मी ऑफिसातली जुनी वर्तमानपत्रे घरी आणू लागलो, भुसावळच्या बाजारातून एक कात्री घेतली आणि रविवारच्या पुरवणीतल्या पाककृती कापू लागलो. तिला वाचता येत नव्हते. संध्याकाळी ती चुलीपाशी, मी पाटावर. मी वाचायचो, ती करायची. केलेले असो वा राहिलेले, कात्रण मग पत्र्याच्या पेटीत जायचे.

इथे मला एक गुन्हा कबूल करायचा आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरात गूळ दिसायचा तो पाहुण्याच्या चहापुरता. मी वाचताना प्रत्येक पाककृतीच्या शेवटी माझ्या पदरचे एक वाक्य जोडत असे : "आणि शेवटी सुपारीएवढा गूळ घालावा." कोबीत गूळ, अंड्याच्या रश्श्यात गूळ. यशोदाबाई म्हणायची, "हाई शहरना लोके बठ्ठामा गूय टाकतस का?" सगळ्यात टाकतात, अशी मी मान हलवायचो.

१९९१ साली निवृत्त झालो. स्टोअरमध्ये तीस वर्षे प्रत्येक वस्तूला नंबर देण्याची सवय. घरात नंबर द्यायला काही उरले नव्हते. मी पेटी उघडली. पंधरा दिवस खपून सगळ्या कात्रणांच्या कडा सरळ कापल्या, डाग पडलेला भाग जमेल तितका छाटला, खळ करून कोऱ्या कागदांवर चिकटवली, तारखेप्रमाणे नंबर टाकले, रजिस्टर केले. चार फायली उभ्या करून मी तिला बोलावले. कौतुक होईल अशी अपेक्षा होती.

तिने एक फाईल उघडली. दुसरी उघडली. मग म्हणाली, "कान फाटेल कागद कोठे शे?"

"कोणता?"

"कान फाटेल. त्यावर तेलना डाग व्हता. कोथिंबीरन्या वड्या."

मला उलगडा झाला तो तेव्हा. तिची स्वतःची मांडणी होती. फाटलेला कान म्हणजे वड्या, तिखटाचे बोट म्हणजे रस्सा, चहाचे वर्तुळ म्हणजे केळ्याची कोशिंबीर. ती खुणांनी वाचत होती आणि त्या सगळ्या खुणा मी कात्रीने साफ केल्या होत्या. फाईल मिटून ती म्हणाली, "आते मी आंधयी."

तीन दिवस घरात वरण-भात झाला. ती भांडली असती तर बरे झाले असते. मी दर चौदा एप्रिलला विहारासमोर उभा राहून "शिका" यावर भाषण करणारा माणूस. टाळ्या वाजायच्या, त्यात हिच्याही असायच्या. आणि तीस वर्षांत माझ्या बायकोच्या हातात मी पाटी दिली नव्हती. रोज संध्याकाळी मीच वाचून दाखवत होतो, त्यात मला मोठेपणा वाटत होता. हे लिहिताना आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी तिने पहिली फाईल माझ्यापुढे टाकली. "माले वाचाले शिकाडा. यानावरच."

बालभारती आणली नाही. पहिला शब्द शिकवला "मीठ", कारण तो प्रत्येक कागदावर सापडतो. मग तेल, हळद, जिरे. "चवीनुसार" या शब्दाला आठ दिवस गेले. ती भाजी चिरता चिरता अक्षरे जुळवायची आणि अडली की विळी थांबायची. विळी थांबली की मी ओट्यापाशी जायचो.

पुढच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तिने कोबीच्या भाजीचे कात्रण एकटीने, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचले. मी डोळे पुसत होतो. तिने कागद डोळ्यांजवळ धरला. पुन्हा खालची ओळ वाचली. दुसरे पान काढले, तिसरे काढले.

"आठे गूय कोठे शे?"

मी म्हणालो, छापायचा राहिला असेल.

"बठ्ठामा राहिना?"

मी कबूल केले. ती अशी हसू लागली की शेजारची बेबाबाई धावत आली. हसता हसता म्हणाली, "तेवीस साल! निम्मा गूय मीच खादा! टाकाले मन व्हये ना!" म्हणजे मी तिला फसवत होतो आणि तीही माझ्या वाट्याचा गूळ ओट्याशी उभी राहून खात होती. त्या दिवशी आम्ही दोघे इतके हसलो की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

त्यानंतर तिने चारही फायलींचे कागद सुटे केले, माझे नंबर खोडले आणि स्वतःची मांडणी केली. शीर्षके तिच्या अक्षरात आहेत : "पाव्हने आचानक आले तर", "आजारि मानसाचे", "मंदा रुसली तर", "यांना आवडते पन देउ नये". त्यातला एकही ऱ्हस्व-दीर्घ कोणी सुधारू नये. मंदाने तर मुळीच नाही. ती शिक्षिका आहे, तिचा हात शिवशिवेल.

तरी स्पष्ट करतो की सदर फायली माझ्या मालकीच्या नाहीत. त्या यशोदाबाईच्या आहेत. म्हणून मी त्या कोणाला देऊ शकत नाही, आणि यादव व मंदा यांनी भांडायचे असल्यास आईसमोर भांडावे.

६. कात्री मात्र माझी आहे. ती यादवला. अट अशी की त्याने रविवारी एक पदार्थ स्वतः करावा आणि त्याच्या बायकोने तो बसून खावा.

७. मित्र चुडामण नारखेडे याने १९७९ साली माझ्याकडून केळ्याच्या बर्फीचे कात्रण नेले. विचारले की म्हणतो, "कोणती बर्फी? मले आठवत नाही." हे मृत्युपत्र साक्षीदार म्हणून तो वाचणार आहे, म्हणून इथे लिहिले. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले. बरे झाले.

८. माझ्यामागे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा मंडप नको. परित्राणपाठ व्हावा, आलेल्यांना पोटभर जेवण मिळावे आणि कोणीतरी हसण्यासारखी एखादी आठवण सांगावी.

९. हे कलम यशोदाबाईने वाचून, मान्य करून लिहू दिले आहे. फायलींत अजून एकशे चार पाककृती अशा आहेत की ज्या आम्ही कधी केल्याच नाहीत. तिने त्यांची यादी केली आहे. आठवड्याला एक, सणावाराला सुट्टी. आजच्या दुपारी सुरळीच्या वड्यांचा पहिला प्रयत्न झाला; त्या सुरळ्या झाल्या नाहीत, पिठले झाले, ते आम्ही भाकरीशी खाल्ले. पुढच्या रविवारी पुन्हा करायच्या आहेत. सबब, हे मृत्युपत्र होईल तितक्या उशिरा अमलात यावे, अशी लिहून ठेवणाराची इच्छा आहे.

ठिकाण : वरणगाव
दिनांक : १२ नोव्हेंबर १९९५, रविवार

लिहून ठेवणार : सुकदेव भिका सुरवाडे (सही)

आमच्यासमोर सही केली, शुद्धीत व हसत :
१. चुडामण नारखेडे, वरणगाव (सही) – कलम ७ मान्य नाही
२. हिलाल तायडे, निवृत्त मुख्याध्यापक, वरणगाव (सही)